सातव्या दिवसाचं साखरपाणी

श्रीपाल चौगुल्यांच्या रक्ताचा आकडा शमशादनं मला दोनदा वाचून दाखवला. दोन्ही वेळा मी मशीन बिघडलंय असं सांगून मोकळी झाले.

"मशीन सकाळीच तपासलंय," ती म्हणाली. "सात पूर्णांक सोळा. रसायनं तुझा विषय, सुप्रभा. याचा अर्थ मी तुला समजावून सांगायचा का?"

गरज नव्हती. माणसाचं रक्त सात पूर्णांक चारच्या आसपास असतं, किंचित अल्कलीकडे झुकलेलं. आकडा खाली आला की रक्त आम्लाकडे सरकलं. सात पूर्णांक सोळा ऐकायला जवळचा वाटतो, पण या मोजपट्टीवर एवढ्याशा फरकात रक्तातलं आम्ल पावणेदोन पट होतं. असा माणूस कॉटवर पडलेला असतो, आणि चौगुले पडलेच होते.

डॉ. शमशाद इनामदार मिरजेतली हृदयतज्ज्ञ. मी पुण्याच्या प्रयोगशाळेत कण बनवते आणि ती ते माणसांच्या हृदयात सोडते, असं आमचं तीन वर्षांचं भागीदारीतलं काम. त्रेचाळीस रुग्णांवर चाचणी चालू होती. एकालाही त्रास झाला नव्हता. पुढच्या महिन्यात आम्ही निकाल जाहीर करणार होतो, आणि खरं सांगायचं तर मी त्या दिवसासाठी साडीसुद्धा घेऊन ठेवली होती.

चौगुले पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. वय अठ्ठावन्न. गेल्या महिन्यात तपासणीला आले तेव्हा मला व्हरांड्यात अडवून म्हणाले होते, "मॅडम, परवा विहिरीत उतरून मोटर काढली वर!" मी रागावले, तर आणखीच हसले. आता काचेपलीकडे त्यांच्या नाकात नळी होती आणि त्यांच्या हृदयाचा स्नायू तासातासाला झिजत होता. पाच महिने छान भरून आलेला स्नायू.

"साखर नॉर्मल, जंतुसंसर्ग नाही, किडनी ठीक," शमशाद म्हणाली. "मग हे आम्ल आलं कुठून?"

उत्तर बाहेरच्या बाकावर बसलं होतं. चौगुल्यांची बायको, त्रिशलाबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी शेजारी बसले आणि विचारलं, की गेल्या आठवड्यात यांनी काय काय खाल्लं.

त्या इतक्या हळू बोलल्या, की मला वाकावं लागलं. "आज सातवा दिवस. काही नाही खाल्लं. दुपारी एकदा उकळलेलं पाणी आणि तुमच्या गोळ्या. गोळ्या चुकवल्या नाहीत हं, मॅडम. महाराजांकडून तेवढी सूट घेतली होती."

"आणि सोमवारी हॉस्पिटलातून तब्येत, जेवणखाण विचारायला फोन आला होता, तेव्हा?"

"नियम सांगायचा नसतो," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

दशलक्षण पर्व चालू होतं. भाद्रपदातले दहा दिवस; त्यात जैन लोक मुनिमहाराजांसमोर उपवासाचा नियम घेतात. मी स्वतः जैन घरात वाढलेली बाई, आणि मला तारीखसुद्धा आठवली नव्हती.

*

इथं थोडं रसायनशास्त्र सांगावं लागेल. नाहीतर माझी चूक केवढी होती ते कळणार नाही.

आपल्या शरीरात हजारो विकरं काम करत असतात. विकर म्हणजे एन्झाइम. स्वतः न संपता दुसऱ्या द्रव्यांमधली क्रिया घडवून आणणारा रेणू. पण ही विकरं नाजूक असतात. या शतकाच्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं, की काही धातूंच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण हुबेहूब विकरांसारखं काम करतात आणि लवकर मोडत नाहीत. आमचा कण सिरियम ऑक्साइडचा. केसाच्या जाडीत असे वीस हजार ओळीनं मावतील. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर स्नायूत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जळजळीत द्रव्यं तयार होतात आणि वाचलेल्या पेशींनाही खातात. आमचा कण त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतो. एकदा नाही, लाखो वेळा. प्रयोगशाळेत आम्ही त्याला राखण्या म्हणायचो. शेतात मचाण बांधून बसतो तो राखण्या.

पण या राखण्याचा एक दोष आहे. आम्लात त्याचा स्वभाव बदलतो. तोच कण, तेच पेरॉक्साइड, पण आता त्याचं पाणी न करता तो त्याचे असे तुकडे करतो, की ते समोर येईल ते फाडत सुटतात. कर्करोगावर काम करणारे लोक हा गुण मुद्दाम वापरतात, कारण गाठीच्या आत आम्ल असतं. आमच्या कणाची सीमारेषा होती सात पूर्णांक दोन. त्याच्यावर तो राखण करतो, खाली आला की पीक कापतो. आमच्या अहवालात पान एकेचाळीसवर हे लिहिलंय. मीच लिहिलंय.

आणि दुसरी गोष्ट ती गोळी. हृदय अशक्त झालेल्यांना हल्ली सर्रास देतात. ती शरीरातली साखर लघवीवाटे बाहेर काढते. जेवत्याखात्या माणसाला तिचा फायदाच होतो. पण दिवसचे दिवस पोटात काही नसताना ती चालू ठेवली, की शरीर नुसती चरबी जाळत बसतं आणि त्यातून रक्तात आम्ल साठत जातं.

हे आम्हाला सुचलं नव्हतं असं नाही. तीन वर्षांपूर्वी पुण्यात मीटिंगमध्ये एकानं विचारलं होतं, "आपले लोक उपास फार करतात. त्याचं काय?" मग आम्ही प्रयोगशाळेतल्या आठ जणांना एकादशी करायला लावली आणि त्यांचं रक्त तपासलं. आठही जणांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर बटाट्याचा कीस, संध्याकाळी दुधातलं रताळं. रक्तातली साखर वाढलीच होती! सगळे हसले. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून विचारलं, "चालेल ना?"

मी आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहिलेली माझी मावशी पाहिलेली होती. दहा दिवसांचे उपवास करणाऱ्यांच्या मिरवणुकीत मी लहानपणी चालले होते. ते सांगितलं असतं, तर नवी चाचणी, नवी परवानगी, सहा महिने. शिवाय हॉस्टेलमध्ये पाच वर्षं "काय मगदूम, आज काय, हवा खायची का?" ऐकून माझी त्या विषयावर बोलायची हौसच गेली होती. झटका येऊन गेलेला माणूस असलं काही करेल कशाला, असं मी स्वतःला पटवलं.

"चालेल," मी म्हणाले होते.

*

दुपारचे अडीच वाजले होते. चौगुल्यांना साखरेचं सलाइन चालू केलं. शमशादनं यादी काढली. चौगुले सोडून त्रेचाळिसांतले सोळा जण आमच्या भागातले जैन होते. आम्ही दोघी दोन फोन घेऊन बसलो.

अकरा जण उचलून सरळ बोलले: जेवलो, पोळी-भाजी, संध्याकाळच्या आत आटपतो. चौघांचे फोन बंद होते. पर्वात बरेच जण फोन कपाटात ठेवतात.

सोळावं नाव माझ्या वडिलांचं होतं. त्यांची कागदपत्रं माझ्या हातात येऊ नयेत अशी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीचीच अट होती. त्यामुळे गेल्या आठवड्यात त्यांची तब्येत कशी होती हे मला एखाद्या परक्या माणसाइतकंच माहीत होतं. मी घरी फोन लावला. आईनं उचलला.

"अण्णा जेवले का?"

"बसलेत की वाचत," आई म्हणाली.

"आई, जेवले का, ते विचारलं मी."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं. "तुला सांगायचं न्हाई म्हणून नियम घेतलाय बघ त्यांनी," आई म्हणाली. "तुझ्या औषधाला यश यावं म्हणून. दहा दिवसांचा. मी किती सांगितलं, ऐकतात व्हय ते?"

मी फोन ठेवून पिशवी उचलली.

शमशादनं काही न विचारता रक्त तपासायचं हातातलं यंत्र माझ्या पिशवीत टाकलं. "जा," ती म्हणाली. "मी त्या चौघांच्या घरी माणसं पाठवते. सूर्यास्त कधी आहे?"

"सहा चौतीस."

तिच्या ध्यानात आलं होतं म्हणून मला तिचा फार आधार वाटला. आमच्यात सूर्य मावळल्यावर उपवास नसलेलासुद्धा तोंडात काही घालत नाही. सहा चौतीसनंतर कुणाचं मन वळलं, तरी सकाळपर्यंत थांबावं लागणार. आणि सात पूर्णांक दोन सकाळपर्यंत थांबणार नव्हतं.

*

नेजवाड मिरजेपासून चौदा किलोमीटर. पावणेचारला मी घरी पोचले.

माझे वडील नेमगोंडा मगदूम चौतीस वर्षं साखर कारखान्यात केमिस्ट होते. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात लिटमसचा कागद दिला. पुढे मी जे काही झाले, त्याची सुरुवात त्या निळ्या कागदापासून आहे. आता ते चटईवर भिंतीला टेकून बसले होते. गाल आत गेलेले, ओठ सुकलेले, पण डोळे प्रसन्न. मला बघून त्यांना आनंद झाला, आणि लगेच संशय आला.

"कोण बोललं? ही?"

"बोट द्या," मी म्हटलं.

त्यांनी बोट पुढं केलं. यंत्रानं मिनिटभर घेतलं. सात पूर्णांक चोवीस.

मी आकडा त्यांच्यासमोर धरला. "अण्णा, रस आंबट राहिला तर काय होतं?"

"कुणाची परीक्षा घ्यायलीस?"

"सांगा ना."

"साखर उलटते. दाणा पडत नाही." उसाच्या रसात चुना घालून त्यातलं आम्ल मारायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रस आंबट राहिला की साखर फुटून जाते, आणि मग कितीही आटवा, हाताला काही लागत नाही.

"तुमच्या हृदयातला माझा कण तसाच उलटतो. सात पूर्णांक दोनला. तुम्ही चार शतांश वर आहात."

जी गोष्ट समजायला शमशादला पंधरा मिनिटं लागली होती, ती त्यांना त्या एका आकड्यात कळली. "कण काढून घेता येतो?" त्यांनी विचारलं.

"नाही. औषध असतं तर संपलं असतं. हा संपत नाही, अण्णा. भोवतालचं आम्ल कमी करणं एवढंच हातात आहे. साखरेचं पाणी घ्या, मग मिरजेला जाऊ."

आई दारात पेला घेऊन उभीच होती.

अण्णांनी मान हलवली. "तीन दिवस राहिलेत. माझं वय बहात्तर. झालं माझं सगळं. महाराजांसमोर शब्द दिलाय, तो मोडून जगायचं म्हणजे..."

"माझ्यासाठी केलंत ना हे?" माझा आवाज चढला. "मग माझ्यासाठी सोडा!"

"तुझ्यासाठी केलं, पण तुझ्याजवळ नाही घेतलेला नियम." ते शांतपणे बोलत होते आणि त्या शांतपणाचा मला भयंकर राग आला. लहानपणी गणित चुकलं की ते याच आवाजात बोलायचे.

मी म्हणाले, "तुम्ही एकटे नाही. आज दुपारी एक जण आलाय. वाचेल असं वाटत नाही. आणखी चौघांचे फोन लागत नाहीत."

"कोण आलाय?"

"नावं सांगता येत नाहीत मला."

अण्णांचा चेहरा बदलला. त्यांनी भिंतीचा आधार सोडला. "श्रीपाल का?"

माझ्या तोंडावरून त्यांना जे कळायचं ते कळलं.

मग त्यांनी सांगितलं. दर महिन्याला मिरजेला तपासणीला गेलं, की बाकावर यांची गाठ पडायची. सहा जण. एकमेकांचे आकडे विचारायचे, औषधानं कसं वाटतं ते सांगायचे, आणि अण्णांच्या तोंडून मुलीचं कौतुक ऐकायचे. श्रावणातल्या तपासणीला अण्णाच म्हणाले होते, की आपल्याला ह्या औषधानं दुसरा जन्म दिलाय, तर पर्वात आपण सगळे मिळून काहीतरी करू या. घरच्यांशिवाय कुणाला सांगायचं नाही. सहाही जणांनी आपापल्या गावी नियम घेतला.

"श्रीपाल म्हणाला होता, मला दहा दिवस जमायचं नाही, मगदूमसाहेब," अण्णा म्हणाले. "मी म्हटलं, मी आहे की. मला जमतं तर तुला का नाही?"

आईनं पेला फडताळावर ठेवला.

"किती वाजले?" अण्णांनी विचारलं.

"साडेचार."

"पाचला प्रवचन असतं. इथून तीस-पस्तीस गावांत पडद्यावर दिसतं. ते चौघं आपापल्या बस्तीत बसलेले असणार." ते उठायला लागले आणि त्यांचा तोल गेला. मी धरलं. "तुझी माणसं दारात जाऊन सांगतील, आणि ते हो हो म्हणतील आणि पिणार नाहीत. माझ्या शब्दावर बसलेत ते. माझ्याच तोंडानं उठले पाहिजेत."

"आधी पाणी घ्या. मग जाऊ."

"इथं घरात घेऊन तिथं सांगितलं तर कोण ऐकेल?" ते म्हणाले. "पेला घे बरोबर."

*

बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर, घरापासून पाच मिनिटांवर आहे. आम्हाला वीस लागली. अण्णा दर दहा पावलांनी थांबत होते आणि त्यांचा श्वास खोल, भराभर चालला होता. रक्तातलं आम्ल फुप्फुसं अशीच बाहेर टाकू बघतात. दारात मी पुन्हा त्यांचं बोट टोचलं. सात पूर्णांक बावीस.

"दोन शतांश," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "अण्णा, इथंच प्या. मी हात जोडते."

"कारखान्यात सहा पूर्णांक नऊचा रस सात करायला मला दोन मिनिटं पुरायची," ते म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

मंडप भरलेला होता. सातवा दिवस उत्तम तप धर्माचा, त्यावरच महाराजांचं बोलणं चाललं होतं. अण्णा मधल्या वाटेनं पुढं गेले, वाकून नमस्कार केला आणि उभेच राहिले. प्रवचनात असं कोणी उभं राहत नाही. महाराज थांबले.

"बोला," ते म्हणाले.

कुणीतरी माइक आणून दिला. अण्णांनी तो दोन्ही हातांत धरला. "महाराज, मी आपल्यासमोर दहा दिवसांचा नियम घेतला. गुप्त घेतला होता. माझ्या सांगण्यावरून आणखी पाच जणांनी आपापल्या गावात घेतला. आम्हा सहा जणांच्या हृदयात एक औषध आहे. ते पोट रिकामं राहिलं की विष होतं. हे आज कळलं. आमच्यातला एक जण मिरजेला मरणाच्या दारात आहे." ते कॅमेऱ्याकडे वळले. "बाकीचे चौघं मला बघत असतील. माझं चुकलं. मी तुम्हाला यात ओढलं. मी आत्ता नियम सोडतो आहे. तुम्हीही सोडा. दिवस मावळायच्या आत."

मागून एक जण ओरडला, "पोरगीनं बापाचा उपवास मोडला!"

मी पुढं झाले. पेला माझ्या हातातच होता. मला आजवर कधी सभेत बोलायची भीती वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली. "हो, मीच मोडला," मी म्हटलं. "औषध मी बनवलंय. उपाशी माणसाला ते चालणार नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मी या गावातली आहे, मला विचारलं होतं, आणि मी गप्प बसले. ही चूक अण्णांची नाही. उपवासाचीही नाही."

मंडपात कुजबूज सुरू झाली. अण्णा महाराजांकडे बघत होते.

"नियम सुटल्याचं दुःख आहे?" महाराजांनी विचारलं.

"फार आहे."

"मग प्रायश्चित्त मिळेल. जीव गेल्यावर मी ते कुणाला देऊ?"

अण्णांनी माझ्या हातातून पेला घेतला. उकळून गाळलेलं पाणी आणि त्यात आईनं घातलेली पाच चमचे साखर. सात दिवसांनी पहिला घोट त्यांच्या घशातून खाली जाताना त्यांना ठसका लागला. त्यांनी पेला खाली ठेवला नाही. सगळा संपवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही थांबले नाहीत. माझ्या आयुष्यात मी त्यांना रडताना दुसऱ्यांदा बघत होते.

वीस मिनिटांनी सात पूर्णांक तेवीस. चढत होता.

मंडपाच्या बाहेर गाडीत त्यांना सलाइन लावलं आणि फोन कानाला धरून मी उभी राहिले. पाच पन्नासला शमशादचा आवाज आला, "एक प्यायला. बस्तीतच, सगळ्यांसमोर." सहा वाजता दुसरा. सहा बाराला तिसरा. त्याला गाडीत घालून आणत होते, सात पूर्णांक एकोणीस, पण शुद्धीवर.

चौथ्याचा पत्ता नव्हता. चौथ्या म्हणजे सुमतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. घराला कुलूप, बस्तीत नाहीत. समोर ऊस आणि उसाच्या तुऱ्यांवर टेकत आलेला सूर्य. सहा वीस. सहा पंचवीस. अण्णा गाडीतून दर मिनिटाला विचारत होते, "बाई?"

सहा एकतीसला माझ्याच फोनवर अनोळखी नंबर आला.

"मगदूमसाहेबांची मुलगी का?" आवाज अगदी खोल गेलेला होता, पण वर्गातला होता. "भाचीकडे आहे मी. तिच्या फोनवर बघितलं. पितेय मी, समोर पेला आहे. साहेबांना सांगा, दहाव्या दिवशी त्यांच्याकडे पारण्याला येणार होते, ते राहिलं."

मी रस्त्यावर मातीतच बसले आणि मोठ्यानं रडले. बस्तीतून बाहेर पडणारे लोक बघत होते. बघू देत, असं वाटलं.

*

श्रीपाल चौगुले दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

मी समितीला सगळं लिहून कळवलं. पान एकेचाळीस, एकादशीची चाचणी आणि माझं ते "चालेल". चाचणी थांबली. बाकीच्यांच्या हृदयात कण आहेतच, ते आयुष्यभर राहणार. त्यांना दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल. माझं पुढे काय होईल ते अजून ठरायचंय.

पर्व संपल्यावर क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी ओळखीच्या प्रत्येकासमोर हात जोडून, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं म्हणायचं असतं. अण्णांना हॉस्पिटलातून आदल्या दिवशीच घरी आणलं होतं. ते म्हणाले, "चल." कुठं ते मी विचारलं नाही.

चौगुल्यांच्या अंगणात दुरुस्तीला आलेले पंप ओळीनं ठेवलेले होते, प्रत्येकावर खडूनं मालकाचं नाव. त्रिशलाबाई ओसरीवर होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी माझ्यासमोर हात जोडले.

"सोमवारी तुमचा फोन आला तेव्हा मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "जेवले म्हणून सांगितलं. खरं बोलले असते तर आज... मला क्षमा करा."

मी रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते. त्यातलं एकही आठवलं नाही. मी त्यांचे जोडलेले हात खाली घेतले आणि सांगत सुटले. तीन वर्षांपूर्वीची मीटिंग, साबुदाण्याची खिचडी, सगळे हसले ते, माझी मावशी, आणि मला सगळं माहीत असून मी काढलेला तो एक शब्द. "खोटं आधी मी बोलले," मी म्हटलं. "तुमच्या आधी तीन वर्षं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तेव्हा बोलला असता, तर काय झालं असतं?"

"सहा महिने उशीर झाला असता, आणि फॉर्मवर एक ओळ वाढली असती."

"एक ओळ," त्या म्हणाल्या. त्या अंगणातल्या पंपांकडे बघत राहिल्या. अण्णा हात जोडून उभे होते.

त्रिशलाबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात पाण्याचे दोन पेले होते. "मगदूमसाहेब, तुम्हाला त्यांनी मोठा भाऊ मानलं होतं. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही," त्या म्हणाल्या आणि एक पेला अण्णांना दिला. दुसरा माझ्याकडे केला. "दिवस मावळायला आला, तुम्ही पण घ्या. आज क्षमा केली म्हणायचं असतं. पण मॅडम, तुम्हाला म्हणायला माझ्या तोंडून निघत नाही. पुढच्या वर्षी या."

"येईन," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला, कारण तो सांडत होता.